ऱ्हस्व जहाज, दीर्घ मेंढी

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सूचनांचा फळा आहे. त्यावर एके दिवशी खडूने लिहिलं होतं : ‘काही सभासद सकाळच्या वेळी जनावरांचे आवाज काढीत असल्याची तक्रार आली आहे. तरी संबंधीतांनी दक्षता घ्यावी.’ ‘संबंधितांनी’मधला ‘धि’ दीर्घ काढला होता. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. बोटाने ती वेलांटी पुसली, खिशातल्या खडूने ऱ्हस्व केली आणि वर आलो. दार लावून घेतल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती सूचना माझ्याबद्दल होती.

खिशात खडू का होता, हे सांगायला हवं. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहायचं आणि मी त्यांच्या वेलांट्या-उकार सरळ करायचे. बोलायची वेळ आली की मात्र माझा घसा बसतो. दुकानदाराने जास्त पैसे परत दिले तरी ‘जास्त आले’ हे सांगायला मला दोनदा दुकानापर्यंत जाऊन यावं लागतं. घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून बायकोकडे. ही मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यामुळे सगळी इमारत तिला ‘बाई’ म्हणते आणि मला ‘बाईंचे मिस्टर’. ‘मिस्टर’ या शब्दाला पुढे आडनाव लागतं म्हणतात, पण माझ्यावर तशी वेळ कधी आली नाही.

मग एका सकाळी चहा गाळताना हिच्या हातून गाळणं पडलं. मी ते उचलून द्यायला गेलो तर हात पुढे आला नाही आणि शब्दही आला नाही. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तवाहिनीचं काहीतरी सांगितलं. महिन्याभरात हात निम्मा परत आला. वाचा आली नाही. समजत सगळं होतं. डोळ्यांवरून कळायचं. पण तोंडातून हवा यायची आणि तीही रागावल्यासारखी थांबायची.

घर गप्प झालं याचं मला फारसं काही वाटलं नसतं. मी गप्पच माणूस. पण मला हाक ऐकायची होती. हिने मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘अहो.’ बस्स. दूध उतू गेलं की एक ‘अहो’, पाहुणे जात नसले की एक वेगळं ‘अहो’, मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो की तिसरं, त्यात शेवटचा ‘ओ’ जरा लांबवलेला. माझं खरं नाव फक्त वीजबिलावर. आता मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिलं तर त्या शब्दात आहे काय? एक अ, एक ओ आणि मधला ह म्हणजे नुसता श्वास. ओठाला ओठ लावायला नको, जीभ टाळूला टेकवायला नको. म्हणून हॉस्पिटलातली थेरपिस्ट मुलगी जेव्हा म्हणाली, “आजोबा, आधी स्वर येतील, मग बाकीचं,” तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब करून टाकला. स्वर आले की ‘अहो’ आलंच. मला पुढची बाराखडी नकोच होती.

“आरशासमोर दोघं बसा,” ती म्हणाली. “तुम्ही तोंड मोठं करून म्हणा. आजी बघतील, मग म्हणतील.”

आम्ही बसू लागलो. मी ‘आ’ करायचो, ‘ई’ करायचो, ‘ऊ’ करायचो. ही आरशातल्या माझ्याकडे अशी बघायची, की जणू शेजारच्या घरातला कोणीतरी खुळा आमच्या खिडकीत आला आहे.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि सल्ला त्याच्याही आधी पोचतो. तळमजल्यावरच्या वहिनी फुग्यांचं पाकीटच घेऊन आल्या. “काका, फुगे फुगवायला लावा. फुप्फुसं मोकळी झाली की शब्द सुटतात. माझ्या मावससासऱ्यांना असंच झालं होतं.”

“मग ते बोलायला लागले?”

“नाही, पण फुगे छान फुगवायचे.”

हिला दाखवावं म्हणून मी आधी स्वतः फुगवायला घेतला. तिसऱ्या फुग्याला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सतरंजीवर आडवा झालो. ही डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवत राहिली. आवाज ऐकून वहिनी आल्या, त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराला बोलावलं, त्याने डॉक्टरांना. डॉक्टर आले आणि सवयीने हिलाच तपासू लागले. आजारी मी आहे हे सांगण्याची वाचा त्या घरातल्या दोघांनाही तेव्हा नव्हती.

औषधांच्या दुकानदाराचा उपाय वेगळा. “पेन्सिल दातांत आडवी धरायची आणि बोलायचं. जीभ सुधारते.” तोही मी आधी स्वतःवर करून पाहिला. पेन्सिल मोडली नाही. दाढ मोडली. दंतवैद्याने “काय खाल्लं होतं?” असं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

हे सगळं थेरपिस्ट मुलीला कळलं तेव्हा ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, “त्यांच्या रोजच्या सवयीचं काहीतरी घ्या ना. शाळेत त्या काय शिकवायच्या?”

तेव्हा मला कपाटावरची गुंडाळी आठवली. धूळ झटकून मी ती भिंतीवर टांगली. इंग्रजी स्वरांचा तक्ता. ओळीत दोन-दोन चित्रं. एक मेंढी आणि एक जहाज. एक तलाव आणि एक दोरी ओढणारा माणूस. एक दिवाणखाना आणि एक भोक. एक पिशवी आणि एक हात पसरलेला भिकारी. खाली इंग्रजी अक्षरं. जोडीतल्या दोन शब्दांत फरक फक्त मधल्या स्वराचा. मी समोर उभा राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत फळ्यावर ती जनावरांची सूचना लागली. एका दृष्टीने तक्रार खरीच होती. पहिलं चित्र मेंढीचं होतं.

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन स्वतः आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे जिना चढतानाही आधी अर्ज केल्यासारखे चढतात.

“काका, तक्रार सध्या तोंडी आहे,” ते दारातूनच म्हणाले. “लेखी झाली तर मला कारवाई करावी लागेल.”

“मी… म्हणजे… इंग्रजी स्वर,” मी म्हणालो.

“काय?”

“शिकतोय. बाईंसाठी.”

चेअरमननी तक्त्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या हिच्याकडे पाहून नमस्कार केला. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “काका, एक विचारू का? कोणाला सांगू नका. मागे सुनेचे साहेब जेवायला आले होते. मी म्हटलं आपणही दोन वाक्यं बोलावीत. म्हटलं, आमचं घर लहान आहे, पण त्यात एक मोठा होल आहे. तो माणूस जेवण होईपर्यंत जमिनीकडे बघत होता. सून आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तो शब्द नक्की कसा म्हणायचा?”

मला काय ठाऊक? पण समोरचा माणूस एवढ्या आशेने विचारतो तेव्हा ‘मला येत नाही’ म्हणायलासुद्धा धैर्य लागतं. मी म्हणालो, “सकाळी या.”

चेअरमन आले. चेअरमन जातात म्हणजे कमिटीचं काहीतरी गुपचूप चाललं आहे, म्हणून वहिनी आल्या. वहिनी रोज वर जातात म्हणजे बाईंचं जास्त झालं असावं, म्हणून दुकानदार आला आणि बसला. असा माझा वर्ग भरला. जो माणूस स्वतःच्या लग्नात सत्काराला उत्तर देताना पळून गेला होता, तो हातात पट्टी घेऊन उभा.

वर्ग म्हटला की सदनिकेचा व्यावसायिक वापर आला. चेअरमननी चेअरमन या नात्याने मला नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी या नात्याने त्यांनीच तिचं उत्तर लिहून दिलं. मी दोन्ही कागदांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तिसऱ्या दिवशी चेअरमननी चेअरमनकडे खुलासा मागितला. ते स्वतःवर एवढे नाराज झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. शेवटी ‘सदर प्रकार शिकवणीत मोडत नाही, कारण कोणालाही काही येत नाही’ असा शेरा मारून त्यांनी प्रकरण बंद केलं. तो शेरा मला लागला. पण खोटा म्हणता येईना.

कारण अडचण माझ्या तोंडातच होती. आपल्या भाषेत शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर आलं, की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. वीट, मीठ, फूल, ऊस. परक्या शब्दांना हा नियम नाही, हे मला पाठ आहे, पण पाठ डोक्यात आणि सवय तोंडात. हजारो पानांवर मी हा नियम लावला, तो आत मुरला. जहाजाच्या चित्रावर पट्टी ठेवली की इंग्रजी अक्षरं दिसायच्या आधी माझ्या तोंडून दीर्घच निघायचं.

“शीप!” मी म्हणालो.

“शीप!” वर्ग म्हणाला.

पट्टी मेंढीवर. “शीप!”

“शीप!”

“काका,” वहिनी म्हणाल्या, “दोन्ही एकच की.”

“चित्र वेगळं आहे,” मी म्हणालो.

“बोलताना चित्र कुठून दाखवायचं?” दुकानदार म्हणाला.

“पुन्हा एकदा सगळे,” मी घाईने म्हणालो. अडचणीत सापडलेले मास्तर हेच म्हणतात, हे मला शाळेपासून आठवत होतं. पट्टी जहाजावर. सगळ्यांनी जोर लावला. “शीप!”

“नो.”

आवाज खिडकीकडून आला. आम्ही चौघांनीही आधी खिडकीबाहेर पाहिलं.

“नो,” ही म्हणाली. डावा हात वर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर जागा. “शिप.”

पट्टी माझ्या हातातून पडली. “शीप,” मी म्हणालो. 

“शिप.”

“शीप.”

“शिप!” कपाळावर तीच आठी, वह्या तपासताना पडायची ती. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. चेअरमन उभे राहिले होते आणि आता बसावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. मी हिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसलो. एवढ्या माणसांसमोर मी असं कधी केलं नव्हतं.

“अगं, म्हण ना,” मी म्हणालो. “अहो म्हण.”

हिने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठ गोल झाले, पुन्हा सैल झाले. हवा आली. घसा हलला. डोळ्यांत पाणी भरलं, आणि मला एकदम लाज वाटली, जणू मी कोणाला तरी सर्वांदेखत पैसे मागितले. मग हिने तोंड फिरवलं आणि चेअरमनकडे बोट केलं.

“यू,” ती म्हणाली. “रिपीट.”

पुढचे दिवस वर्ग हिनेच घेतला. आम्ही चुकायचो आणि ती दुरुस्त करायची. चेअरमनचा ‘होल’ जाऊन ‘हॉल’ झाला तेव्हा ते जिन्यातून तो शब्द म्हणत खाली गेले. वहिनींची ‘बॅग’ काही केल्या जमेना, त्या ‘बेग’ म्हणून भीकच मागत राहिल्या. हिच्या तोंडी नवं वाक्य मात्र नाही. ‘नो’, ‘रिपीट’, ‘सिट डाउन’, ‘गुड’ आणि तक्त्यावरचे शब्द. आपल्या भाषेतला एकही नाही. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट. दुपारी सगळे गेले की मी समोर स्टूल घेऊन बसायचो आणि म्हणायचो, “अ. ओ.” ती माझे ओठ बघायची आणि नीट म्हणायची, “हॉल. होल.”

थेरपिस्ट मुलीने समजावलं. “आजोबा, वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं असतं ना, ते मेंदूत वेगळं राहतं. पाढे, प्रार्थना, तसं. ते बोलणं नाही, सवय आहे. पण त्यातून पुढे वाट निघू शकते. थांबवू नका.”

“सवय,” मी म्हणालो.

“हो.”

मी मान हलवली. घरी येईपर्यंत तो शब्द चघळत राहिलो. मग ‘अहो’ काय होतं? दिवसातून किती वेळा म्हणायची ते मोजायला बसलं तर तिच्या साऱ्या शाळेतल्या मुलींनी मिळूनही ‘शिप’ तितक्या वेळा म्हटलं नसेल. मी जहाजावर चिडलो. मेंढीवरही चिडलो. म्हाताऱ्या माणसाने एका तक्त्याचा मत्सर करावा हे शोभत नाही, हे मला कळत होतं, म्हणून मी तो कोणाला दाखवला नाही. आता लिहितो आहे तेवढाच.

उपचार पुढे चालू ठेवायचे की नाही हे हॉस्पिटलची समिती ठरवते. त्यासाठी चाचणी. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.

“मातृभाषा?”

“मराठी. पण चाचणी इंग्रजीतून घेता येईल का?”

“चाचणी मातृभाषेतच होते.”

“त्या सध्या फक्त इंग्रजी बोलतात.”

“मग मातृभाषा इंग्रजी लिहू?”

“नाही, ती मराठीच आहे.”

“मग मातृभाषा बदलल्याचा दाखला आणा.”

“मातृभाषा कशी बदलणार?”

“तेच म्हणतोय मी,” कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हात केला. थेरपिस्ट मुलीने आत जाऊन रदबदली केली. तिला सांगण्यात आलं की नियम तिने केलेले नाहीत.

चाचणी घेणारे डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी हिच्यासमोर चित्रं ठेवली. कुलूप. कंगवा. छत्री. “हे काय आहे आजी?” हिचं तोंड उघडायचं, मिटायचं. मी टेबलाखाली स्वतःचे गुडघे धरून बसलो होतो. मुलाच्या तोंडी परीक्षेला बाप बसतो तसा. छत्रीला तिने हाताने उघडल्याची खूण केली. डॉक्टरांनी मान हलवली आणि काही लिहिलं नाही. शेवटी पेन माझ्याकडे केलं.

“आणि हे कोण?”

ही माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता. तिचा घसा हलला, श्वास आला, आणि मी नकळत पुढे झुकलो.

“वीक,” ती म्हणाली. स्वर अगदी दीर्घ, शुद्ध.

डॉक्टर लिहायला वाकले.  कच्च्या मुलींच्या प्रगतिपुस्तकात ती हाच शब्द लिहायची. पण तिचं संपलं नव्हतं. बोट वर करून तिने आम्हाला थांबवलं, खूप खालून काहीतरी ओढून आणल्यासारखे डोळे मिटले.

“बट,” ती म्हणाली. मग “रेग्युलर.”

कच्चा, पण रोज येतो.

डॉक्टरांनी लिहिलं. उलटी अक्षरं वाचणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले असतात ते उलटेच. मी समोरून वाचलं : ‘प्रतिसाद असंबद्ध. अपेक्षित सुधारणा नाही.’ मला त्यांना सांगायचं होतं, की साहेब, माझ्याबद्दल एवढं सुसंबद्ध आजवर कोणीच बोललेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारावर याहून नेमका शेरा मी तरी वाचला नाही. पण सवयीने माझी नजर वेलांट्यांकडे गेली. कागद पुन्हा एकदा पाहिला. ‘असंबद्ध’ शुद्ध लिहिला होता. मला दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

उपचार बंद झाले. थेरपिस्ट मुलगी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हिचा हात बराच वेळ धरून राहिली. टॅक्सीत ही थकून माझ्या खांद्यावर झोपली. वर्गही पुढे पातळ झाला. चेअरमनना हॉल आल्यावर त्यांचं काम झालं होतं, वहिनींना बॅग येणार नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, आणि दुकानदाराला दुकान होतं. आता आम्ही दोघंच बसतो. ती खुर्चीत, मी तक्त्यापाशी.

मधे एकदा मी चलाखी केली. तोवर जहाज माझ्या तोंडी बसलं होतं. शेजारी कोणी विचारलं असतं तर झोपेतही ‘शिप’च म्हणालो असतो. पण बरोबर म्हटलं की ती नुसती मान हलवते आणि गप्प राहते. तिचा आवाज ऐकायचा म्हणून मी एका सकाळी ठासून म्हणालो, “शीप!”

तिने माझ्याकडे पाहिलं. न येणारी मुलगी आणि न आल्याचं सोंग करणारी मुलगी, यांच्यातला फरक तिला अख्ख्या नोकरीत एकदाही चुकला नसेल. तिने खुर्ची वळवायला हात लावला, वळली नाही, म्हणून नुसती मान खिडकीकडे फिरवली. त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मी दुपारी, संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. नाही. दुसऱ्या दिवशी मी दोरी ओढणाऱ्या माणसावर, म्हणजे ‘पुल’वर, प्रामाणिकपणे चुकलो तेव्हा ती बोलली.

तेव्हापासून मी फक्त खऱ्या चुका करतो. त्यासाठी रोज खरा अभ्यास करावा लागतो, न येणाऱ्या ओळीचा. अभ्यास केला की ती ओळ येऊ लागते, आणि आली की ती ओळ घरात गप्प होते. मेंढीची ओळ गप्प झाली. दिवाणखान्याची झाली. तलावाची या महिन्यात होईल असं दिसतं. ‘अहो’ मी आता मागत नाही. तिला मागितलेलं कळतं, आणि देता येत नाही हेही कळतं.

इंग्रजी ही अवघड भाषा आहे असं सगळे म्हणतात, आणि मी कच्चा आहे असं बाई म्हणतात. त्या दोन्हींवर माझी भिस्त आहे. फक्त पहाटे जाग आली की मनात येतं, एक दिवस मला इंग्रजी नीट येईल, आणि मला त्याची फार भीती वाटते.